चाड्यावरची मूठ आणि सातबाऱ्यावरचे नाव

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचे नाव काढले की इतिहासाच्या वाचकाला काही ठरावीक गोष्टी आठवतात. वढू बुद्रुक येथील छत्रपती संभाजी महाराजांची समाधी, १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, घोडनदीच्या काठची इंग्रजांची छावणी, भीमथडीची तट्टे, आणि १८७८ साली मनमाडकडे लोहमार्गाची फांदी फुटल्यावर दौंडाला आलेले जंक्शनचे महत्त्व. या यादीत लढणारे आहेत, राज्य करणारे आहेत, आगगाडी चालविणारेही आहेत. या सर्वांचे पोट ज्या बाजरीवर आणि ज्वारीवर भरले ती पिकविणारे घर मात्र या यादीत सापडत नाही. त्या घराविषयी आज आम्हांला बोलावयाचे आहे. एकाच जमिनीवर चाळीस-पन्नास वर्षे एकत्र राबलेले नवरा-बायकोचे जोडपे, हा आमचा विषय.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. या कोरडवाहू मुलखात शेती ही कधीच एका माणसाची नव्हती. ती जोडप्याची होती. परंतु कर्जखत, सारापावती, हक्कनोंदणी असे जे कागद गेल्या दीडशे वर्षांत तयार झाले, त्यांपैकी बहुतेकांनी जोडपे पाहिले नाही, एक माणूस पाहिला. वावरात दोघे आणि वहीत एक, अशी ही स्थिती आहे. ती कशी आली आणि तिच्यामुळे काय घडले, हे क्रमाने पाहू.

आधी वावराकडे जाऊ. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकता सरकता आटत जातो, आणि शिरूर-दौंडापर्यंत येतो तेव्हा वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. एवढ्या पावसावर खरिपाची बाजरी, मटकी, हुलगा आणि रब्बीची शाळू ज्वारी व करडई काढावयाची असते. रब्बीची पेरणी ही सारी ओलीची कसरत. जमिनीतली ओल उडून जाण्यापूर्वी, हाताशी असलेल्या चार-सहा दिवसांत पेरणी उरकावी लागे. घरी बैल एकच असला तर शेजाऱ्याशी सावड करून जोडी जुळवावयाची, आणि मग पाभर जुंपावयाची.

ज्यांनी पाभर पाहिली असेल त्यांना ठाऊक आहे की तिच्या नळ्यांवर एक लाकडी वाटी असते. तिला चाडे म्हणतात. त्या चाड्यात मुठीतून दाणे सोडीत जावे लागते. मूठ सैल सुटली तर पीक दाट उगवते आणि ओलीला पुरत नाही. मूठ आवळली तर तास विरळ पडते. बैलांकडे लक्ष एकाचे, मुठीकडे लक्ष दुसऱ्याचे, तेव्हा पेरणी साधते. कितीतरी घरांत बैल हाकणारा नवरा आणि चाड्यावर मूठ धरणारी बायको, अशीच ही वाटणी असे. पाभरीमागे दोरीने बांधलेले मोघण धरून तुरीचे किंवा करडईचे दाणे सोडीत चालणारी तर बहुधा बाईच.

विहिरीवर मोट चालू असता तोच प्रकार. एकाने धावेवर बैल मागे-पुढे करावयाचे, दुसऱ्याने खाली वाफ्यात दारे धरावयाचे. मोट चालविणाऱ्याला पाणी कोठे पोचले ते दिसत नाही, आणि बैल सोडून जाताही येत नाही. खळ्यावर वारा सुटला की एकाने उंच उभे राहून पाटीतून धान्य सोडावयाचे, दुसऱ्याने खाली भूस आणि दाणा वेगळा करावयाचा. पेरणी, पाणी आणि उपणणी ही शेतीतली तीन मुख्य कामे; तिन्हींची रचनाच दोन माणसे धरून झालेली आहे. याखेरीज खुरपणी, काढणी, कणसे खुडणे, दूधदुभते आणि पुढच्या वर्षीचे बी निवडून राखेत घोळून ठेवणे ही कामे मुख्यत्वे बाईकडेच. शेतातला वर्षानुवर्षांचा अनुभव दोघांच्या हातांत सारखाच साठत गेला.

आमच्या बोलीला हे कळत होते. खेड्यातला नवरा बायकोला नावाने हाक मारीत नसे. तो तिला 'कारभारीण' म्हणे. तिनेही त्याचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात. एरवी तो 'धनी' किंवा 'कारभारी'. कारभार हा दोघांचा आहे, हे या हाकेतच मान्य केलेले आहे. आता तलाठ्याच्या दप्तराकडे पाहा. मुंबई इलाख्यात जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, आणि पुढे गावनमुना सात व गावनमुना बारा मिळून आपल्या परिचयाचा सातबारा आला. सात हा कोणाची जमीन ते सांगतो, बारा हा तीत काय पिकले ते सांगतो. एकत्र कुटुंबाची जमीन असेल तेथे नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हा मॅनेजर सामान्यतः पुरुष. ज्या बाईला घरात कारभारीण म्हणत, तिला दप्तराने कारभारात धरले नाही.

सातबाऱ्याच्याही आधीचा कागद म्हणजे सावकाराचे कर्जखत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतर काही वर्षे कापसाला मोठा भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव उतरला. त्याच सुमारास जुन्या मोजणीची तीस वर्षे संपून सारा वाढविण्यात आला. सावकाराने हात आखडला आणि वसुलीसाठी दिवाणी कोर्टाची वाट धरली. शिरूर तालुक्यातील करडे गावी १८७४ च्या अखेरीस जे घडले ते पुढील वणव्याची ठिणगी ठरले. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळवून त्यांचे घर ताब्यात घेतले आणि पाडावयास काढले. देशमुखांनी गाव एकवटले. सावकाराची जमीन कसावयाची नाही, त्याच्या घरी चाकरी करावयाची नाही, असे ठरले. न्हावी, पाणके, घरगडी सर्वांनी काम सोडले आणि हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. शहर आणि खेडे एकाच वर्षी दोन निरनिराळ्या रीतींनी बोलू लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

करड्याच्या हकीगतीत नावे येतात ती सावकाराची आणि ऋणकोची. दोन्ही नावे पुरुषांची. पाडले गेले ते घर होते, आणि घर पडल्यावर चूल कोठे मांडावयाची हा प्रश्न ज्या व्यक्तीपुढे प्रथम उभा राहतो तिचा त्या हकीगतीत उल्लेखही नाही. मात्र दंग्यांच्या चौकशीसाठी जे कमिशन नेमले गेले त्याने एक गोष्ट फार महत्त्वाची सांगितली. शेतकरी कर्जबाजारी होतो तो लग्नाच्या उधळपट्टीमुळे, असा समज अधिकाऱ्यांत आणि शहरी सुशिक्षितांत रूढ होता. कमिशनने म्हटले की लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. कर्ज फुगते ते पोटाचे धान्य, बी, बैल आणि सरकारसारा यांच्यासाठी काढलेल्या लहान लहान रकमांनी. खेड्यातले जोडपे हे कर्जाचे कारण आहे ही समजूत अशा रीतीने सरकारच्याच कमिशनने दूर केली. पुढे शंभर वर्षे शहरातली पुष्कळ मंडळी तीच समजूत उगाळीत राहिली, हे आश्चर्य.

या चौकशीतून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, आणि कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याचे काम न्यायाधीशावर सोपविले. या कायद्याखालील देखरेखीच्या कामावर रानडेही होते आणि त्यासाठी त्यांना गावोगाव दौरे करावे लागले. त्यानंतर १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेच्या साठाव्या कलमात एक लक्षणीय वाक्य आले. ऋणकोच्या मालमत्तेतून काय जप्त करता येणार नाही, याची ती यादी आहे. ऋणको, त्याची बायको व मुले यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माचाराप्रमाणे स्त्रीला जे दागिने अंगावरून उतरविता येत नाहीत ते. आणि ऋणको शेतकरी असेल तर त्याची औते, जरूर तेवढे बैल आणि बियाणे. मंगळसूत्र आणि नांगर एका कलमात शेजारी शेजारी बसले. जप्तीच्या वेळी का होईना, कायद्याला शेतकऱ्याचे घर जोडप्याचे आहे हे दिसले. पण ते दिसले राखून ठेवावयाच्या वस्तूंच्या यादीत. मालकाच्या यादीत नव्हे.

कर्जाहून मोठी कसोटी दुष्काळाची. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारी कामांवर पुरुष, स्त्री आणि मूल यांना मजुरीचे वेगवेगळे दर होते, आणि बाईचा दर पुरुषापेक्षा कमी होता. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी आणखी खाली आणून एक पौंड धान्य व एक आणा केली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ आले. दुष्काळाने पिके मारली तशी जोडपीही मोडली. एक गेला की मागे राहिलेल्या बाईला ना जमीन, ना पत.

त्याच काळात दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी मुक्तिसदन उभे केले. तेथे शाळा होती, छापखाना होता, विहिरी खणलेल्या होत्या आणि शेतमळाही होता. बायका तेथे पीक काढीत. रमाबाई १९२२ साली वारल्या, संस्था राहिली. त्यांच्या धर्मांतरावर पुष्कळ वाद झाले. तो आजचा विषय नव्हे. आमच्या दृष्टीने केडगावची गोष्ट एवढीच, की बाईला शेती कळते आणि ती चालविता येते याचा पुरावा याच तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी उभा होता. तो पाहावयास मिळाला मात्र जेथे घर मोडले होते तेथे. नांदत्या घरात तेच काम करणाऱ्या बाईकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

यानंतर एक शास्त्रज्ञ या भागात आला. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनी कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची बारकाईने पाहणी केली आणि १९२१ साली ती पुस्तकरूपाने छापली. कोरडवाहू गावाचा नमुना म्हणून हे गाव निवडले होते. घरोघर जाऊन जमीन, बैल, कर्ज, उत्पन्न आणि खर्च यांचा हिशेब त्यांनी मांडला. निष्कर्ष असा निघाला की शंभरांतील सुमारे ८५ कुटुंबांना शेती आणि बाहेरची मजुरी मिळूनही आपला किमान खर्च भागविता येत नव्हता. मॅन यांच्या पद्धतीत एक मोठा गुण होता: त्यांनी खातेदार मोजला नाही, कुटुंब मोजले. सरकारी दप्तराला जे जमले नव्हते ते या अभ्यासाने केले, आणि म्हणूनच खरी दैन्यावस्था उघड झाली. कुटुंब मोजल्यावर जे दिसते ते खातेदार मोजून दिसत नाही, हा धडा आजही शिळा झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर कायद्यांचा वेग वाढला. कसेल त्याची जमीन या तत्त्वावर १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरून कुळे मालक झाली. ही घटना फार मोठी. तिचे मोल कमी लेखू नये. तरीही कसणारा कोण, असे विचारले गेले तेव्हा उत्तरात पुन्हा एकच नाव लिहिले गेले. मूठ चाड्यावर धरणारी ही कसणारी नव्हे काय, हा प्रश्न त्या धामधुमीत कोणी विचारला नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नीला वारस केले. येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वारस म्हणजे मागे राहिलेला. नवरा असेतो बाईचे नाव सातबाऱ्यावर नाही. तो गेला की वारसनोंद होते, फेरफार निघतो आणि मुलांच्या नावांबरोबर तिचे नाव लागते. ज्या दिवशी जोडपे मोडते त्या दिवशी दप्तराला जोडप्यातली दुसरी व्यक्ती दिसते.

आता कल्पनेने असे एक जोडपे डोळ्यांपुढे आणू की ज्याचे लग्न १९६० च्या सुमारास झाले. अशी जोडपी या दोन तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर आजही भेटतात. त्यांच्या संसाराबरोबर मुलूख बदलत गेला. जुलै १९६१ मध्ये पानशेतचे धरण फुटले आणि पुणे वाहून गेले. पण त्याच खोऱ्यातली नवी धरणे आणि नवा मुठा कालवा यांनी पुढे दौंड भागाला पाणी दिले. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण १९६५ च्या सुमारास पुरे झाले. मोट गेली, इंजिन आले, मग विजेचा पंप आला. चाडे गेले, ट्रॅक्टरची पेरणी आली. बाजरीच्या जागी ऊस आला, पाटसला आणि न्हावऱ्याला साखर कारखान्यांची धुराडी दिसू लागली, केडगावकडे गुऱ्हाळे वाढली. १९८० पासून उजनीचे पाणी साठू लागले आणि भीमेच्या काठाने त्याचा फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत आला. काहींची रानेच बुडाली, काहींची भिजली.

या प्रवासात १९७२-७३ चा दुष्काळ आला. खडी फोडण्याच्या आणि नालाबांधाच्या कामावर नवरा-बायको एकत्र गेली. त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमीची योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ चा, आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. या कामांच्या हजेरीपटावर एक गोष्ट घडली. दोघांची नावे एकाखाली एक लिहिली गेली आणि बाईच्या मजुरीपुढे बाईचाच अंगठा उमटला. शंभर वर्षांपूर्वी ती अर्ध्यामुर्ध्या दराची मजूर होती. येथे ती स्वतःच्या नावाची मजूर झाली. विचित्र एवढेच, की दुसऱ्याच्या खडीवर राबताना जे नाव नोंदले गेले ते स्वतःच्या रानात राबताना नोंदले गेले नव्हते.

हा विरोध उघडपणे मांडला तो शेतकरी संघटनेने. शेजारच्या खेड तालुक्यात आंबेठाण येथे शरद जोशी यांनी १९७७ च्या सुमारास जमीन घेऊन शेती सुरू केली आणि चाकणच्या कांद्याच्या प्रश्नातून आंदोलन उभे केले. १९८६ साली चांदवड येथे शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन झाले. त्यानंतर १९८९-९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम निघाली: नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करावी. तिच्यात कोर्ट नव्हते, भांडण नव्हते. घरच्या लक्ष्मीच्या ऋणातून मुक्त होण्याची ती हाक होती. हजारो घरांनी ती मानली. १९९२ साली राज्य सरकारनेही नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. मुलीची वाट पुष्कळ मोकळी झाली. बायकोची वाट मात्र अजून नवऱ्याच्या अर्जावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, दोघे सुखाने नांदत असता नावाचा हा आग्रह कशाला? प्रश्न गैर नाही; अनेक चांगल्या घरांतून तो प्रामाणिकपणे विचारला जातो. त्याला उत्तर व्यवहारातून मिळते. विकास सोसायटीचे पीककर्ज सातबारा पाहून मिळते. साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हावयाचे तर जमीन नावावर लागते. म्हणजे जिने ऊस खुरपला तिला सर्वसाधारण सभेत मत नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या, रस्ते रुंदावले, जमिनींना कधी नव्हे तो भाव आला. संपादनाची नोटीस निघते ती नोंदलेल्या नावाने. विक्रीच्या खतावर सही लागते ती नोंदलेल्या माणसाची. पन्नास वर्षे ज्या रानात दोघांनी घाम गाळला ते रान एका सहीने जाऊ शकते, आणि ती सही बायकोची असावी लागत नाही. नवरा शहाणा असेल तर तो तिला विचारतो. पण जो हक्क दुसऱ्याच्या शहाणपणावर उभा असतो त्याला हक्क म्हणत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपणां शहरवासीयांना उद्देशून सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते. या सभागृहातील अनेकांची गावाकडे जमीन आहे, म्हातारे आईबाप तेथे आहेत किंवा कालपरवापर्यंत होते. आपण सातबारा काढतो तो वाटणीच्या वेळी, कर्जाच्या वेळी किंवा विक्रीच्या वेळी. तो एकदा निवांतपणी काढून वाचावा. त्यात आजोबांचे नाव असेल, वडिलांचे असेल, चुलत्यांचे असेल. आजीचे नाव असेल तर ते कोणत्या साली लागले तेही फेरफारात पाहावे. बहुधा ते आजोबा गेल्यानंतरचे साल निघेल. ज्यांचे आईवडील दोघेही सुदैवाने हयात आहेत त्यांनी वडिलांपाशी बसून अर्जाची गोष्ट काढावी. त्याला खर्च जवळपास नाही आणि घरात कोणाचे काही कमी होत नाही.

करड्याचे घर, सुप्याची होळी, केडगावचा मळा, जातेगावची मोजणी आणि दुष्काळातला हजेरीपट या पाच ठिकाणी जोडप्याचा इतिहास पुसट का होईना उमटला आहे. तो आपण वाचला नाही, कारण आपण नाव शोधीत गेलो आणि नाव एकच होते. भीमा आणि घोड यांच्या काठची शेती दोघांच्या मुठीने पेरली गेली, हे आता आपल्याला ठाऊक झाले आहे. कागद दुरुस्त करण्याचे काम तेवढे शिल्लक आहे, आणि ते त्या दोघांच्या हयातीत व्हावे.